टॉवरच्या पलीकडची रिफायनरी

गोव्यात तेलशुद्धीकरणाचा कारखाना नाही. उत्तरेला मुंबईत माहुल भागात दोन आहेत, दक्षिणेला मंगळुरूला एक. आपल्याकडे पोचतो तो तयार माल. पेट्रोल-डिझेल जहाजाने मुरगाव बंदरात येतं, वास्कोच्या टाक्यांत साठतं आणि तिथून टँकरने काणकोणपासून पेडण्यापर्यंत जातं. त्यामुळे साखळीचा बी.एस्सी. झालेला मुलगा असो की पॉलिटेक्निकला शिकणारी फोंड्याची मुलगी, रिफायनरीत नेमकं काय काम असतं हे विचारायला त्यांना शेजारीपाजारी कुणी सापडत नाही. मी डिचोली तालुक्यातला. मराठी शाळा, गोव्यातच रसायनशास्त्राची पदवी, नंतर मुंबईच्या एका रिफायनरीत आधी प्रयोगशाळेत आणि पुढे प्रोसेस विभागात नोकरी. चतुर्थीला घरी आलो की मुलं भेटायला येतात. त्यांना जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

पाठ्यपुस्तकात एक उभा टॉवर काढलेला असतो. खालून गरम तेल आत जातं, वरून गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि तळाला डांबर निघतं. ही आकृती सगळ्यांना पाठ असते आणि मुलाखतीला येणारी बहुतेक मुलं तिथेच थांबतात. माझं सांगणं एवढंच, की टॉवरने सुरुवात करा, पण तिथे थांबू नका. टॉवर तेलातले घटक फक्त वेगळे करतो. पंपावर विकता येईल असं इंधन त्याच्या पुढच्या युनिटांत तयार होतं, आणि नोकऱ्याही जास्त करून तिथेच आहेत.

आधी कच्चं तेल समजून घ्या. पावसाळ्याच्या तोंडावर कळंगुट, कोलवा या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे वाहून येतात, ते तुम्ही पायाला लागलेले बघितले असतील. समुद्रात सांडलेल्या कच्च्या तेलातला हलका भाग उन्हावाऱ्याने उडून जातो, उरलेला जड भाग लाटांबरोबर गोळा होतो, त्याचे हे गोळे. म्हणजे एकाच तेलात चटकन उडून जाणारे रेणू आणि महिनोन् महिने न हलणारे रेणू एकत्र नांदत असतात. कार्बनची साखळी जितकी लांब, तितका उत्कलनबिंदू वर. सगळा कारखाना या एका गोष्टीवर उभा आहे.

मात्र दोन कच्ची तेलं सारखी नसतात. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं. आखाती देशांतून येणारं बरंचसं तेल त्याहून जड आणि गंधक जास्त असलेलं. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो, त्यामुळे रिफायनरीला दर काही दिवसांनी वेगळ्या स्वभावाचं तेल पचवावं लागतं. प्रत्येक तेलाची एक कुंडली आधीच काढलेली असते. घनता किती, गंधक किती, कोणत्या तापमानापर्यंत किती टक्के भाग उडतो, मीठ किती, आम्लता किती. तिला 'क्रूड ॲसे' (crude assay) म्हणतात. हा कागद वाचायला शिकलात की पुढचं निम्मं कळतं, कारण कुठल्या युनिटवर ताण येणार ते त्यातच लिहिलेलं असतं.

जहाजातून उतरलेलं तेल टाकीत स्थिरावतं, मग डिसॉल्टरमध्ये, म्हणजे मीठ काढणाऱ्या युनिटमध्ये, जातं. नवी मुलं या डिसॉल्टरकडे ढुंकून बघत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तेलाबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब येतात. त्यातली मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडं पुढे भट्टीच्या उष्णतेत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. ते आम्ल टॉवरच्या माथ्यावर, जिथे वाफ थंड होऊन पाणी सुटतं तिथे, लोखंड खातं. म्हणून साधारण १२० ते १५० अंशांना गरम केलेल्या तेलात स्वच्छ पाणी मिसळतात आणि विजेच्या तीव्र क्षेत्रात थेंब एकमेकांत मिळून तळाशी बसतात. पाणी आणि तेलाच्या मधला थर वरखाली झाला की एक तर मीठ पुढे जातं, नाहीतर तेल सांडपाण्यात. त्या थराची पातळी सांभाळणं हे नव्या ऑपरेटरच्या वाट्याला येणारं पहिलं जबाबदारीचं काम असतं.

पुढे तेल एका मागोमाग एक हीट एक्स्चेंजरमधून जातं. टॉवरमधून बाहेर पडणारा गरम माल आपली उष्णता आत येणाऱ्या तेलाला देतो, आणि भट्टीला फक्त उरलेलं काम करावं लागतं. भट्टीतून तेल साधारण ३६० ते ३७० अंश सेल्सिअसला निघतं. त्याहून वर नेत नाहीत, कारण मग रेणू तुटायला लागतात आणि नळ्यांच्या आत कोक, म्हणजे कार्बनचा कडक थर, धरतो.

आता टॉवर. काजूच्या मोसमात भट्टीवर ज्यांनी काम बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. पहिल्यांदा उकळून निघतो तो उर्राक, आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, कारण दर खेपेला वाफेत हलका भाग वाढत जातो. टॉवरमध्ये तीस-पन्नास ट्रे एकावर एक असतात आणि प्रत्येक ट्रेवर वर जाणारी वाफ खाली उतरणाऱ्या द्रवाला भेटते. म्हणजे प्रत्येक ट्रे ही ऊर्ध्वपातनाची आणखी एक खेप. माथ्यावरचा थोडा माल थंड करून पुन्हा खाली सोडतात, त्याला रिफ्लक्स म्हणतात. मुलाखतीत 'रिफ्लक्स बंद केला तर काय होईल?' असा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं, की ट्रेवर द्रवच राहणार नाही, माथ्याचं तापमान चढेल आणि नाफ्थात, म्हणजे माथ्यावरून निघणाऱ्या हलक्या मालात, रॉकेल शिरेल.

टॉवरच्या माथ्यावरून गॅस आणि नाफ्था, बाजूने रॉकेल, मग हलकं आणि जड गॅस ऑइल (ज्याचं डिझेल होतं ते), तळातून उरलेलं जड तेल. पुस्तकातली आकृती इथे संपते. इथून पुढे आपण एका प्रवाहाचा माग काढूया. गोव्याच्या माणसाला नाफ्था हे नाव नवीन नाही. २४ ऑक्टोबर २०१९ ला 'नु शी नलिनी' हे खलाशी नसलेलं जहाज मुरगावहून भरकटत दोना पावलाला राजभवनाजवळ खडकात अडकलं, तेव्हा त्यात दोन हजार टनांहून जास्त नाफ्था होता आणि सगळा गोवा धास्तावला होता. धास्ती योग्यच होती, कारण नाफ्थाची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते. झुआरीनगरचा खत कारखाना गॅसची पाइपलाइन येईपर्यंत याच नाफ्थापासून अमोनिया बनवत असे.

मग हा नाफ्था सरळ पेट्रोल म्हणून का विकत नाहीत? कारण त्यातल्या जड भागाचा ऑक्टेन, म्हणजे ठिणगीआधी न पेटण्याच्या गुणाचा आकडा, साठच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलचा नव्वदच्या पुढे लागतो. सरळ साखळीचे रेणू इंजिनात दाबाखाली ठिणगीच्या आधीच पेटतात आणि इंजिन ठोके मारतं. म्हणून नाफ्था रिफॉर्मरमध्ये नेतात. तिथे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर, ५०० अंशांच्या आसपास, त्या सरळ साखळ्यांची वलयं होतात. ऑक्टेन पंच्याण्णवच्या पुढे जातो आणि वर हायड्रोजन सुटतो. पण प्लॅटिनमला गंधक सोसत नाही, म्हणून रिफॉर्मरच्या आधी हायड्रोजनने गंधक काढणारा हायड्रोट्रीटर बसवावा लागतो. हायड्रोट्रीटरला हायड्रोजन लागतो, आणि तो रिफॉर्मरमधूनच येतो. एक युनिट दुसऱ्याला असं पोसत असतं. रिफॉर्मर बंद पडला की हायड्रोजन कमी पडतो, मग डिझेलचं गंधक काढणारं युनिट मंदावतं, मग डिझेलची टाकी अडते. हा धागा ज्याला सांगता येतो त्याला कुणी नाकारत नाही, हे मी मुलाखतींच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं आहे.

गंधकाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आजच्या रिफायनरीतला मोठा खर्च आणि मोठं कौशल्य तिथे लागतं. बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे वाहनांच्या धुराचे सरकारी निकष) मध्ये पेट्रोल-डिझेलला ५० पीपीएम गंधक चालत होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि मर्यादा १० पीपीएमवर आली. दहा लाख भागांत दहा. त्यासाठी डिझेल हायड्रोजनबरोबर जास्त दाबाखाली उत्प्रेरकावरून नेतात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं आणि क्लॉस प्रक्रियेत त्याचं पिवळं मूलद्रव्य गंधक बनतं. तेही विकलं जातं. एखादा व्हॉल्व्ह नीट बसला नाही आणि थोडं गंधक न काढलेलं डिझेल तयार टाकीत गळलं, तर अख्खी टाकी पुन्हा प्रक्रियेला न्यावी लागते. म्हणून लाइन-अप तपासणं, म्हणजे कुठला व्हॉल्व्ह उघडा आणि कुठला बंद हे स्वतः चालत जाऊन बघणं, हे काम कधीही दुसऱ्याच्या शब्दावर सोडायचं नसतं. मला प्रोसेसमध्ये शिकवणारे ज्येष्ठ ऑपरेटर मूळचे मालवणकडचे. सगळे त्यांना काका म्हणत. ते सांगायचे, "अरे, कागदार पाइप सरळ असता. हय तो खय वळता ता चलान बघ." पहिले काही आठवडे मी ड्रॉइंग हातात घेऊन त्यांच्या मागून नुसता चालत होतो. त्या चालण्यातून जे कळलं ते कुठल्याही वर्गात कळलं नसतं.

आता टॉवरचा तळ. तिथलं तेल आणखी तापवलं तर तुटेल, म्हणून तापमान न वाढवता दाब कमी करतात. व्हॅक्युम टॉवरमध्ये हवेच्या दाबाचा अगदी थोडासा अंश ठेवला की जड तेलसुद्धा न तुटता उडतं. त्यातून निघणारं व्हॅक्युम गॅस ऑइल दोन वाटांनी जातं. एक वाट एफसीसीची, म्हणजे उत्प्रेरकाने मोठे रेणू तोडणाऱ्या युनिटची. इथे पावडरीसारखा बारीक झिओलाइट उत्प्रेरक गरम तेलाबरोबर नळीतून वर उसळतो, काही सेकंदांत मोठे रेणू तुटतात, आणि पेट्रोल व घरगुती गॅसचा मोठा वाटा तयार होतो. उत्प्रेरकावर कोक चिकटतो. तो शेजारच्या रिजनरेटरमध्ये सातशे अंशांच्या आसपास जाळतात, आणि त्याच जळण्याच्या उष्णतेवर पुढची तोड चालते. मला विचाराल तर रिफायनरीतलं सगळ्यात देखणं यंत्र हेच. दुसरी वाट हायड्रोक्रॅकरची. शंभर बारच्या वर दाब, भरपूर हायड्रोजन, आणि बाहेर येतं ते स्वच्छ डिझेल आणि विमानाचं इंधन. व्हॅक्युम टॉवरच्याही तळाशी उरतं त्यातून रस्त्याचं डांबर होतं, किंवा ते कोकरमध्ये जातं, तिथे उष्णतेने तुटतं आणि पेटकोक हा कोळशासारखा घन भाग उरतो.

विमानाच्या इंधनाची गोष्ट दाबोळी आणि मोपाच्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. रॉकेल आणि हे इंधन एकाच भागातून येतात. पण विमान ज्या उंचीवर उडतं तिथे बाहेर उणे पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून जेट ए-१ उणे ४७ अंशांपर्यंत गोठता कामा नये आणि ३८ अंशांच्या खाली त्याच्या वाफेने पेट घेता कामा नये. पाण्याचा अंशही चालत नाही. विमानतळावर इंधन भरण्याआधी नमुना काढून बघतात तो याच्यासाठी. मोपाला २०२३ पासून विमानं उतरू लागली, म्हणजे पेडण्याच्या मुलांना इंधन हाताळणीचं कामही आता घराजवळ आहे.

आता नोकरीच्या वाटा.

बी.एस्सी. रसायनशास्त्र झालेल्यांना प्रयोगशाळा हे सोपं दार. तिथे शंभर मिलिलिटर नमुना ठरलेल्या वेगाने उकळून कुठल्या तापमानाला किती टक्के आला ते नोंदवतात. पेट्रोलचा शेवटचा थेंब २१० अंशांच्या आत यायला हवा. त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर तो आकडा वर सरकतो. शिवाय फ्लॅश पॉइंट (कुठल्या तापमानाला वाफ पेट घेते ते), घनता, गंधक, तांब्याच्या पट्टीची चाचणी. काम शांत वाटतं, पण रात्री तीन वाजता प्लांट तुमच्या आकड्याची वाट बघत थांबलेला असतो.

केमिकल डिप्लोमावाल्यांना प्रोसेस ऑपरेटरची वाट. आधी फील्डवर, मग अनुभवाने नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवर. आयटीआयमध्ये ॲटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड आहे. गोव्याबाहेर जाऊन तो केलेली मुलं मला भेटली आहेत आणि हाताने कामाला ती पक्की असतात. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल झालेल्यांना पंप, कॉम्प्रेसर, मोटरी, आणि दर काही वर्षांनी दुरुस्तीसाठी प्लांट थांबवतात तो शटडाउन. बिट्सच्या झुआरीनगरच्या कॅम्पसमध्ये केमिकल इंजिनिअरिंग आहे. पदवीधर इंजिनिअरांची भरती काही सरकारी तेल कंपन्या गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर करतात, पण बहुतेकदा जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाचेच गुण धरतात, म्हणून जाहिराती बघून परीक्षा द्या.

सगळ्यांसाठी एक सल्ला: ॲप्रेंटिसशिपला कमी लेखू नका. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली मोठ्या कंपन्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. नोकरीची हमी त्यात नसते, हे आई-वडिलांना आधीच स्पष्ट सांगा. पण चालू प्लांटमध्ये घालवलेल्या एका वर्षाला दुसऱ्या कारखान्यात चांगली किंमत येते. बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण देणारी संस्था आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडिया एनर्जी वीकही तिथेच भरला. सुरक्षा आणि अग्निशमनाकडे कल असणाऱ्यांनी तिथल्या अभ्यासक्रमांवर लक्ष ठेवावं.

सुरक्षेबद्दल मी हात राखून बोलत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे शाळेत शिकवतात. शाळेत न शिकवलेली गोष्ट अशी, की १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणसं मेली आहेत. म्हणून छातीला लावलेला मीटर वाजला की नाकावर विश्वास नाही. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघायची आणि वाऱ्याला आडवं होऊन, मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला निघायचं. सोबती खाली कोसळलेला दिसला तरी श्वसनसंच लावल्याशिवाय त्याच्याकडे धावायचं नाही. हे ऐकायला कठोर वाटतं, पण एकामागून दुसरा माणूस असाच जातो. बंद टाकीत उतरण्याआधी परमिट, प्राणवायूची मोजणी आणि बाहेर उभा राहणारा माणूस या तीन गोष्टी नसतील तर साहेबाला तोंडावर नाही म्हणा. मुलाखतीत विचारलंच, तर हेच उत्तर द्या.

शिफ्टचं आयुष्य दोन वाक्यांत सांगतो. सण-वार, शिगमो, लग्नकार्यं यांचं वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. पण पगार, राहण्याची सोय आणि शिकायला मिळणं यांचा विचार केला तर मला ही नोकरी आजही आवडते.

घरी बसून काय करता येईल? मोठ्या कागदावर कच्च्या तेलापासून विक्रीच्या टाकीपर्यंत चौकटी काढा आणि प्रत्येक बाण कुठे जातो ते आठवून भरा. एका दिवशी नाफ्थाचा माग, दुसऱ्या दिवशी गंधकाचा, तिसऱ्या दिवशी हायड्रोजनचा. पेट्रोल पंपावर गेलात की फलकावर लिहिलेली घनता वाचा. १५ अंशांना पेट्रोलची घनमीटरला ७२० ते ७७५ किलो आणि डिझेलची साधारण ८२० ते ८४५ असते. दुपारच्या उन्हात हायड्रोमीटरचा आकडा वेगळा का येतो आणि तो १५ अंशांवर कसा आणायचा, हे पंपावरच्या माणसाला विचारा. ग्राहकाने मागितलं तर घनता मोजून दाखवणं हे त्याचं कामच आहे.

आणि अर्ज करण्याआधी डोळे तपासा. चष्मा सहसा आड येत नाही, पण पाइपांचे रंग, दिव्यांचे रंग, चाचणीपट्टीचा रंग ओळखावा लागत असल्याने रंगांधळेपणा असलेल्यांना प्रोसेस आणि प्रयोगशाळेच्या बऱ्याच जागांवर घेत नाहीत. लेखी परीक्षा, मुलाखत सगळं पार करून शेवटी वैद्यकीय चाचणीत हे कळलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांना योजना किंवा खरेदी विभागाकडे आधीच वळता आलं असतं. ती तपासणी म्हापशात नाहीतर मडगावात कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे काही मिनिटांत होते.